खोनोमा, १८७९ आणि मी

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. तटबंदी, बुरूज, महादरवाजा, एखादं टाकं, वर भगवा आणि पायथ्याशी वडापावची गाडी. गेली कित्येक वर्षं शनिवार-रविवार सह्याद्रीत घालवल्यामुळे माझ्या डोक्यात तर हे चित्र अगदी घट्ट बसलंय. त्यामुळे नागालँडमधल्या खोनोमा गावात 'फोर्ट' अशी पाटी दिसली तेव्हा मी सवयीनं आधी बुरूज शोधले. नव्हते. घरांच्या मधून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, बसक्या दगडी भिंती आणि सगळ्यात वर एक स्मारकस्तंभ. एवढंच. आपल्याकडच्या एखाद्या टेहळणीच्या चौकीएवढासुद्धा पसारा नाही. मी मनात म्हटलं, बास? ह्यासाठी एवढा आलो?

मग स्तंभावरची नावं वाचली. मेजर कॉक, लेफ्टनंट फोर्ब्स, सुभेदार मेजर नुरबीर साई. तिघंही हा किल्ला *घेताना* पडलेले. म्हणजे ज्यांनी गाव राखलं त्यांच्या किल्ल्यावर, गाव जाळायला आलेल्यांचं स्मारक. आणि ते गावानं आजतागायत शाबूत ठेवलंय. हे काहीतरी वेगळं प्रकरण आहे हे तिथेच कळलं, आणि पुढचे चार दिवस मी ह्याच एका गोष्टीच्या मागे होतो. आल्यावर महिनाभर पुस्तकं चाळली. त्याचा हा हिशोब. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा.

आधी पोचायचं कसं ते थोडक्यात. मुंबईहून गुवाहाटी, तिथून रात्रीची ट्रेन दिमापूरला, मग शेअर सुमोनं ७४ किलोमीटरवर कोहिमा. रस्ता कधी आहे, कधी दरड आहे. कोहिम्याहून खोनोमा पश्चिमेला वीसेक किलोमीटर. त्याआधी इनर लाइन परमिट काढावं लागतं, आणि इथूनच इतिहास सुरू होतो, कारण ज्या कायद्याखाली हे परमिट मिळतं तो १८७३ सालचा आहे. बेंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन. आमच्या ऑफिसात दहा वर्षांपूर्वीचा कोड दिसला तरी लोक नाक मुरडतात. इथे दीडशे वर्षांपूर्वीचं लेगसी मॉड्यूल अजून प्रॉडक्शनमध्ये आहे! इंग्रजांनी तो केला तो काही नागांच्या प्रेमापोटी नाही. आसामातले चहावाले आणि रबरवाले डोंगरात घुसून भांडणं उकरून काढत, आणि ती निस्तरायला सरकारला फौज पाठवावी लागे. म्हणून एक रेष मारली आणि रेषेपलीकडे जायला पास लावला. गंमत अशी की आज तीच रेष नागांना आपल्या जमिनीचं कुंपण वाटते आणि ते ती सोडायला तयार नाहीत. मालक बदलला, कोड तोच.

खोनोमा म्हणजे अंगामी नागांचं गाव. तीन 'खेल', म्हणजे आपल्या भाषेत वाडे किंवा आळ्या म्हणा: मेरहूमा, सेमोमा आणि थेवोमा. आपल्याला नागा म्हणजे एकच जमात वाटते, पण अंगामी, आओ, सुमी, लोथा, कोन्याक अशा कितीतरी वेगळ्या जमाती आहेत आणि त्यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. अंगामींची तेन्यीदिए. बाजारात सगळ्यांची मिळून नागामीज, म्हणजे आसामीवर बेतलेली कामचलाऊ बोली. माझं हिंदी-इंग्रजी त्यात बुडत-तरंगत होतं.

ज्या घरी उतरलो तिथे आँटी, अंकल आणि अंकलचे वडील. सगळे त्यांना आजोबा म्हणत, म्हणून मीही. वय पंचाहत्तरच्या पुढे. दिवसभर चुलीशी बसलेले. चूल म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध जमिनीवर, आणि तिच्यावर टांगलेलं डुकराचं मांस धुरात काळं होत असतं. संध्याकाळी साडेचारला सूर्य मावळतो आणि सहाला जेवण! पहिल्या दिवशी मला वाटलं नाश्ता आहे, म्हणून बेतानं खाल्लं. रात्री नऊला पोटात कावळे, आणि गाव गाढ झोपलेलं. दुसऱ्या दिवसापासून शहाणा झालो. भात, पाल्याची उकड, धुरवलेलं मांस, बांबूचे कोंब आणि राजा मिरचीची चटणी. चटणी मी तर्जनीच्या टोकावर घेतली, आणि आँटी हसल्या ते हसल्याच. (हो, तुम्हाला जे विचारायचंय ते मला ठाऊक आहे. नाही खाल्लं. कोणी वाढलंही नाही.)

आता १८७९.

इंग्रज ह्या डोंगरात पहिल्यांदा आले ते १८३२ मध्ये. जेन्किन्स आणि पेंबर्टन हे दोन कॅप्टन मणिपूरहून आसामला जायचा रस्ता शोधत होते. बरोबर सातेकशे मणिपुरी शिपाई. नागांनी त्यांना वाटभर सतावलं. पुढची वीसेक वर्षं साधारण एकच क्रम: अंगामी खाली सपाटीवर धाडी घालणार, इंग्रज वर मोहीम काढणार, एखादं गाव जाळून परत जाणार. १८५० च्या डिसेंबरात खोनोमाचा किल्ला तोफा लावून घेतला गेला, पण टिकवला नाही. डलहौसीनं १८५१ मध्ये सांगितलं की ह्या डोंगरात आपलं काही काम नाही, परत या. हाच डलहौसी ज्यानं सातारा खालसा केलं होतं १८४८ मध्ये! साताऱ्यात महसूल होता. इथे काय होतं? दगड, भात आणि भाले.

पण चहाचे मळे वाढत डोंगराच्या पायथ्याशी आले तसं दुर्लक्ष करणं परवडेना. १८६६ मध्ये पायथ्याला सामागुटिंगला ठाणं झालं, आणि १८७८ मध्ये ते थेट अंगामी मुलखाच्या मध्यात, कोहिम्याला हलवलं. ठाणं आलं म्हणजे घरपट्टी आली, ठाण्याचं धान्य आणि सामान वाहायला हमाल आले, आणि हमाल म्हणजे वेठबिगार. खोनोमा त्या वेळी काही बिचारं गाव नव्हतं हेही सांगितलं पाहिजे. आजूबाजूच्या गावांवर त्याचा दरारा होता, दूरवरच्या दुबळ्या गावांकडून ते वसुली करायचं, मणिपूरच्या हद्दीत धाडी घालायचं. म्हणजे एका वसुली करणाऱ्याच्या मुलखात दुसरा, मोठा वसुली करणारा येऊन बसला होता. खोनोमा गुपचूप बंदुका जमवायला लागलं.

पोलिटिकल ऑफिसर होता गायबन हेन्री डॅमंट. हा माणूस मला फार चटका लावून गेला. मुळात अभ्यासक वृत्तीचा. बंगालमध्ये असताना त्यानं लोककथा गोळा केल्या आणि त्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आल्या, म्हणजे आपल्या मुंबईहून निघणाऱ्या मासिकात. ईशान्येकडच्या जमाती आणि भाषांवर तो टिपणं करत होता. ऑक्टोबर १८७९ च्या मध्यावर तो शेपाऊणशे शिपाई आणि पोलीस घेऊन खोनोमाला निघाला. वाटेतल्या गावानं त्याला बजावलं की जाऊ नकोस, त्यांच्या मनात वेगळं आहे. तो गेला. बरोबरची बरीचशी माणसं खाली ठेवली आणि थोड्या जणांना घेऊन वर दरवाजाशी आला. दरवाजा बंद. आतून गोळी आली आणि डॅमंट जागच्या जागी गेला. मग वरून सगळा डोंगरच पेटला. पस्तीसेक माणसं मेली, उरलेली जंगलातून कोहिम्याकडे पळाली.

त्या दरवाजाच्या वाटेवर मी उभा राहिलो होतो. अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, चढ असा की पाठीवरची सॅक मागे ओढते. वर उभ्या असलेल्या माणसाला खालचा प्रत्येक जण एकेक करून दिसतो. आपल्या गडांवरच्या गोमुखी दरवाजाची हीच युक्ती. फक्त इथे ती घडीव दगडात न बांधता डोंगराच्या उतारातच बसवलीय. बुरूज नाहीत म्हणून नाक मुरडलं त्याची थोडी लाजच वाटली.

पुढचं भराभर सांगतो. अनेक अंगामी गावं एकत्र आली आणि त्यांनी कोहिम्याचं ठाणं वेढलं. आत शिपाई होते, डॅमंटची बायको होती, लहान मुलं होती. २७ ऑक्टोबरला मणिपूरहून कर्नल जेम्स जॉन्स्टन मणिपूरच्या राजाची फौज घेऊन आला आणि वेढा उठला. २२ नोव्हेंबरला ब्रिगेडियर जनरल नेशननं खोनोमावर हल्ला केला. दिवसभर लढाई. कॉक आणि फोर्ब्स ह्याच लढाईत पडले, आणि कॅप्टन रिजवे ह्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रज वर गेले तर किल्ला रिकामा! रात्रीतून गाव मागच्या डोंगरावर, चाक्का नावाच्या जागी निघून गेलं होतं. तिथे ते मार्च १८८० च्या अखेरपर्यंत टिकले. म्हणजे अख्खा हिवाळा, बारेलच्या कण्यावर, बायका-मुलांसकट. मी नोव्हेंबरात दोन रजया घेऊन कुडकुडत होतो.

त्या हिवाळ्यातलीच आणखी एक गोष्ट. जानेवारी १८८० मध्ये खोनोमाचे चोपन्न जण डोंगर उतरून, वेढा टाकून बसलेल्या फौजेला वळसा घालून, मैलोगणती दूर काछाडमधल्या बालाधन चहाच्या मळ्यावर जाऊन पोचले. मॅनेजर ब्लिथ आणि सोळा मजूर मारले आणि परत आले. डावपेच म्हणून बघितलं तर आपल्याला गनिमी काव्याचं भरतं येईल अशीच गोष्ट आहे. मीही आधी तशीच वाचली. मग त्या सोळा मजुरांपाशी अडकलो. चहाच्या मळ्यावरचा मजूर म्हणजे दुष्काळातून, कर्जातून, फसवून कुठून तरी आणलेला माणूस. त्याचं आणि खोनोमाचं काय भांडण? मॅनेजरचं नाव इतिहासात आहे, त्यांचा फक्त आकडा.

शेवटी खोनोमा खाली आलं. सरकारी कागदात त्याला शरणागती म्हणतात. गावात तह म्हणतात, आणि ह्या एका शब्दावर तिथली कुठलीही म्हातारी माणसं तासभर बोलू शकतात. बंदुका काढून घेतल्या, दंड म्हणून धान्य घेतलं, घरपट्टी आणि वेठ लागू झाली. पण सगळ्यात वाईट म्हणजे गाव मोडलं. लोकांना दुसऱ्या गावांमध्ये पांगवलं आणि पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं जप्त केली. आजोबांनी मला कॉक आणि रिजवेबद्दल अर्ध्या मिनिटात सांगितलं. खाचरांबद्दल मात्र दोन संध्याकाळी सांगत होते. कुठल्या बांधापासून कुठल्या बांधापर्यंत, पाट कुणाचा, परत यायला मिळाल्यावर कोणी काय परत मिळवलं.

ती खाचरं बघितल्याशिवाय त्या बोलण्यातलं वजन कळत नाही. गाव कण्यावर आणि खाली दरीभर पसरलेल्या पायऱ्या, बांध एकेक दगड रचून केलेले, वरच्या झऱ्यापासून पाटानं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जातं. मी गेलो तेव्हा कापणी चालू होती. मीही हौसेनं उतरलो. झोडणी जमली, कोकणात मामाकडे लहानपणी केलेली. भाताची टोपली वर न्यायची वेळ आली तेव्हा खरी फजिती. टोपलीचा पट्टा कपाळाला लावायचा आणि ओझं पाठीवर घेऊन चढायचं. शंभर पावलांत मान गेली. साठ रुपयांची स्लिंग बॅग लावून यावी तशी आँटी तीच टोपली घेऊन माझ्या पुढे गेल्या. माझी टोपली एका शाळकरी पोरानं घेतली. माझी जागा मला नीट कळली.

खाचरांच्या वरच्या उतारावर त्यांची झूम शेती. झूम म्हणजे रान तोडून, जाळून पेरायचं आणि जमीन दमली की पुढे जायचं. सरकारी अहवालांत तिची फार बदनामी झालीय. पण खोनोमात शेतात अल्डरची झाडं राखतात. बुंधा ठेवून माणसाच्या डोक्याच्या थोडं वर छाटायचं, फांद्यांचं जळण, पाल्याचं खत, आणि मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत भरतात. त्यामुळे दोन वर्षं पीक काढून, थोडीच वर्षं पड ठेवून त्याच तुकड्यावर परत येता येतं. पिढ्यान्‌पिढ्या छाटलेली ती झाडं म्हणजे मुठी वळून उभे राहिलेले म्हातारे. मातीचा असा हिशोब ठेवणारी माणसं रानटी म्हणून नोंदवली गेली, सरकारी दप्तरात.

बरं. इतकं होईपर्यंत मी आनंदात होतो. कारण माझ्या डोक्यात एक छान जुळणी झाली होती. १८७९ म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं वर्ष! फेब्रुवारीत रामोशांना घेऊन धामारीला पहिला दरोडा, जुलैत पकडले गेले, आणि पुण्यात खटला चालून नोव्हेंबरात जन्मठेप. म्हणजे पुण्यात फडके पिंजऱ्यात उभे होते त्याच दिवसांत इथे खोनोमा लढत होतं. दोघांनाही सरकारी कागदात एकच शब्द, लुटारू. दोन टोकं, एकच वर्ष, एकच शत्रू. मला पोस्टचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी चुलीपाशी मी हे सगळं मोठ्या उत्साहानं आजोबांना सांगितलं, आँटी भाषांतर करत होत्या. शेवटी म्हटलं, "आजोबा, म्हणजे तुमचे पणजोबा आणि आमचे फडके एकाच लढाईत होते."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. चुलीतलं लाकूड सारखं केलं. मग आँटींना काहीतरी म्हणाले. आँटी अवघडल्या. मी म्हटलं, सांगा ना.

"ते विचारताहेत, फडक्यांच्या गावाला पुढे कोणी जाळलं का? इंग्रज गेल्यावर?"

गावाच्या वाटेवर एक शिला आहे. नागांच्या फेडरल सरकारचे पहिले अध्यक्ष ख्रिसानिसा सेयी ह्यांची. ते खोनोमाचेच. नागा भारतीय नाहीत आणि त्यांची भूमी भारतीय संघराज्याचा भाग नाही, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर सरळ कोरलेला आहे. मी पहिल्याच दिवशी तो वाचला होता, फोटो काढला होता, आणि मग सोयीस्करपणे १८७९ मध्ये जाऊन बसलो होतो. कारण तिथे खलनायक गोरा होता.

अंगामी झापू फिझोही खोनोमाचेच. १४ ऑगस्ट १९४७ ला नागा नॅशनल कौन्सिलनं स्वातंत्र्य जाहीर केलं, आपल्या एक दिवस आधी. १६ मे १९५१ पासून त्यांनी सार्वमत घेतलं आणि जवळजवळ शंभर टक्के लोक आपल्या बाजूनं आहेत असा दावा केला. दिल्लीनं ते मानलं नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर नागांनी बहिष्कार टाकला. मार्च १९५३ मध्ये नेहरू आणि ब्रह्मदेशाचे यू नू कोहिम्याला आले तेव्हा जमलेली माणसं त्यांच्याकडे पाठ फिरवून सभेतून निघून गेली. मग सैन्य आलं, भूमिगत बंड आलं, १९५८ चा विशेषाधिकार कायदा आला. फिझो १९५६ मध्ये बाहेर पडले, पूर्व पाकिस्तानातून फिरत १९६० मध्ये लंडनला पोचले आणि ३० एप्रिल १९९० ला तिथेच गेले. परत आलं ते शव. हे सगळं एकरंगी नव्हतं. टी. साखरी हे खोनोमाचेच, फिझोंचे सहकारी. हिंसेच्या मार्गाला त्यांनी विरोध केला आणि जानेवारी १९५६ मध्ये त्यांना मारलं, बाहेरच्यांनी नव्हे, आपल्यातल्यांनीच. गावात हे विषय अजून हळू आवाजात निघतात.

आणि गाव. गावकरी सांगतात की खोनोमा तीनदा जळलं, दोनदा इंग्रजांच्या वेळी आणि तिसऱ्यांदा १९५६ मध्ये. तेव्हा आजोबा सात-आठ वर्षांचे होते. आईच्या पाठीवर धाकटी बहीण, आणि ह्यांच्या हातात कोंबडी. कोंबडी ओरडू नये म्हणून चोच धरून ठेवली होती, हे त्यांनी हात करून दाखवलं. रानात किती महिने होते ते त्यांना आठवत नाही. मीठ नव्हतं हे आठवतं.

मी काय बोलणार? आधारकार्ड खिशात होतं. परमिटसाठी त्याची प्रत दिली होती. 'सॉरी' म्हणणं पोरकट वाटलं असतं, आणि 'पण' म्हणून वाद घालायला माझ्याकडे माहितीही नव्हती आणि अधिकारही. शाळेत आम्हाला नागालँडबद्दल एक ओळ होती: राजधानी कोहिमा, राज्य १९६३. बारकाईनं आठवलं तर हॉर्नबिलचं चित्र. बास.

आता ह्यावरून कोणी असं समजू नये की तिथे मला कुणी परका म्हणून वागवलं. उलटंच. त्याच घरात, त्याच भिंतीवर, अंकलच्या पुतण्याचा नागा रेजिमेंटच्या गणवेशातला फोटो होता. हीच रेजिमेंट १९९९ मध्ये कारगिलला लढली. मी आँटींना विचारलं की हे दोन्ही एकाच घरात कसं बसतं. त्या म्हणाल्या, "नोकरी आहे ना ती. चांगली नोकरी आहे." आणि भात वाढला. पुढचा प्रश्न विचारायची मला हिंमत झाली नाही. आपल्याकडचे नटवर ठक्कर आठवले. डहाणूत जन्मलेला माणूस १९५५ मध्ये, म्हणजे अगदी ह्याच धुमश्चक्रीत, आओ नागांच्या चुचुयिमलांग गावी गेला आणि २०१८ मध्ये वारला तोवर तिथलाच होऊन राहिला. असे प्रश्न विचारायला बहुतेक तेवढी वर्षं लागतात. माझ्याकडे सोमवारची फ्लाइट होती.

शेवटच्या दिवशी अंकल मला गावाच्या वर राखीव रानात घेऊन गेले. १९९८ मध्ये गावानंच वीसेक चौरस किलोमीटर रान राखून ठेवलं आणि शिकार बंद केली. नागा गावात शिकार बंद म्हणजे काय हे समजायला तिथल्या घरांच्या दर्शनी भिंतींवरची मुंडकी बघावी लागतात. त्याआधी १९९३ मध्ये एका आठवड्यात तीनशेच्या आसपास ट्रॅगोपान मारले गेले होते. ब्लिथ्स ट्रॅगोपान, लाल मानेचा, कोंबड्याएवढा, अतिशय दुर्मिळ पक्षी. (हा ब्लिथ वेगळा बरं का, कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमवाला. मळ्यावरचा नव्हे.) ह्या बंदीवरून गावात पुष्कळ भांडणं झाली. आमच्या बापजाद्यांनी मारलं ते चाललं, आम्ही का नाही, असं जुनी शिकारी मंडळी म्हणत. अंकलही त्यांतलेच होते. त्यांनी बंदूक विकली नाही, पण बाहेरही काढत नाहीत. पक्षी दिसला नाही. एकदा लांबून आवाज आला तेव्हा अंकल थांबले आणि हाताची बोटं आपोआप खांद्याकडे गेली, पट्टा सावरल्यासारखी. मग स्वतःशीच हसले.

सकाळी सहाची सुमो. आँटींनी वर्तमानपत्रात बांधून राजा मिरच्या दिल्या. (विमानतळावर त्या पुडीनं काय गोंधळ घातला तो वेगळा विषय.) आजोबा ओट्यावर येऊन बसले होते. मी वाकून नमस्कार केला, त्यांना ते अपेक्षित नव्हतं, थोडी गडबड झाली. त्यांनी विचारलं, "त्या तुमच्या माणसाच्या गावात त्याचा दगड आहे का?"

आहे, म्हटलं. शिरढोणला, पनवेलजवळ. पण खरं सांगायचं तर मी तो कधी पाहिलाच नव्हता. मुंबई-गोवा हायवेवर शिरढोण लागतं, आणि कोकणात जाताना मी तिथून किमान पन्नासदा तरी गेलो असेन. दर वेळी पुढच्या ट्रॅफिकच्या काळजीत.

डिसेंबरात एका रविवारी मुद्दाम गेलो. स्मारक बघितलं, फोटो काढला आणि आँटींच्या मुलीला व्हॉट्सॅपवर पाठवला, बरोबर फडक्यांचं थोडक्यात: दुष्काळ, दरोडे, एडनचा तुरुंग, तिथून पळण्याचा प्रयत्न, १८८३ मध्ये मृत्यू. दोन दिवस काही नाही. मग तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी अंगठा. त्याखाली:

"आजोबा विचारताहेत, त्याच्या जमिनीचं पुढे काय झालं?"